दुसऱ्या माणसाचं टिंब

मारोतीराव सोनकांबळे बेल्टाला हात लावण्याआधी साबणानं हात धुवायचे. कोपरापर्यंत, नखांत ब्रश घालून. मग दोन्ही हात वर धरून वाळवायचे. टॉवेल वापरायचे नाहीत, कारण गॅरेजातल्या टॉवेलला तेल असतंच, असं त्यांचं म्हणणं होतं. नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, विष्णुपुरीच्या अलीकडे, त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. पहिल्यांदा तिथून जाणाऱ्याला खाकी पँटमधला, पांढऱ्या मिशांचा एक उंच माणूस दोन्ही हात वर करून उभा दिसायचा. कोणी त्याच्यावर बंदूक रोखली आहे की काय, असं वाटायचं.

ते फक्त गिअर नसलेल्या स्कूटर घ्यायचे. मोटारसायकल आली की समोरच्या गॅरेजकडे बोट. "साखळीवाल्याकडं जा. म्या बेल्टवाला हाय."

अशा स्कूटरमध्ये इंजिनाची ताकद मागच्या चाकापर्यंत नेतो तो एक रबरी पट्टा. पुढे एक पुली, मागे एक पुली आणि तिच्या पोटाशी क्लच. गाडीचा वेग वाढतो तशा पुढच्या पुलीच्या दोन तबकड्या मिटत जातात आणि बेल्ट त्यांच्यात वर चढतो. बेल्ट झिजला, पुली मळली किंवा क्लच धुळीनं भरला, की बेल्ट घसरतो. इंजिन जास्त फिरतं, चाक कमी फिरतं. बाकीची सगळी ताकद उष्णता होऊन इंजिनालाच खाते. मारोतीरावांचं सगळं शास्त्र एवढंच होतं. "लोक ऑइल बदलत्यात अन् बेल्ट इसरत्यात," ते म्हणायचे. "इंजिन मरतं ते बेल्टापायी. पन मेल्यावर नाव ऑइलाचं निघतं."

तपासायची त्यांची एक पद्धत होती. गिऱ्हाइकाच्या मागे सीटवर बसायचे, त्याला रस्त्यावर शंभर पावलं गाडी चालवायला लावायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. उतरल्यावर एकच प्रश्न विचारायचे. "आवाज आधी वाढला का गाडी आधी पळाली?" गिऱ्हाइकाला बहुधा सांगता यायचं नाही. मग तेच सांगायचे, "आवाज आधी. गाडी मागून. ते बोंबलून राहिलंय, चालून न्हाई राहिलं." कव्हर उघडलं की त्यांचं म्हणणं खरं निघायचं.

हे ते बर्फावर शिकले होते. सैन्यात वाहनदुरुस्तीच्या तुकडीत ते हवालदार होते आणि नोकरीतले तीन हिवाळे त्यांनी लडाखच्या वरच्या भागात स्नो स्कूटर दुरुस्त करण्यात काढले. बर्फावर पट्ट्यावर सरपटत जाणारी ती गाडी. तिच्यातही हीच रचना असते. दोन पुल्या, एक बेल्ट, एक क्लच. निवृत्त होऊन नांदेडला आल्यावर मेहुण्याच्या स्कूटरचं कव्हर उघडलं तेव्हा, त्यांच्याच शब्दांत, "लहानपणीचा दोस्त दिसावा तसं वाटलं." तिथं बर्फाची भुकटी आत जायची, इथं काळ्या रानाची धूळ आणि कापसाचा तंतू. काळजी तीच घ्यायची. पुली पेट्रोलच्या फडक्यानं पुसायची नाही, स्पिरिटनंच पुसायची. बेल्टाची रुंदी मोजायची, एखादा मिलीमीटर कमी भरला तरी बदलायचा. नवा बेल्ट घातला की पहिले काही दिवस गाडी एकदम पिळायची नाही. "चार दिवस पाहुण्यावानी वागवा त्याला," ते प्रत्येकाला सांगायचे, आणि गिऱ्हाइकाच्या तोंडातून होकाराचं 'हाव' आल्याशिवाय किल्ली देत नसत.

जवळच्या कॉलेजातले एक प्राध्यापक एकदा स्कूटर दुरुस्तीला टाकून भजी खात खात येऊन उभे राहिले. नवा बेल्ट बाकावर होता. त्यांनी तो तेलकट बोटांनी उचलला, वाकवून पाहिला, आणि रबराच्या थरांबद्दल दोन वाक्यं बोलले. मारोतीरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग बेल्ट त्यांच्या हातातून घेतला, ब्लेडनं मधोमध कापला आणि दोन्ही तुकडे वर्तमानपत्रात बांधून त्यांना दिले.

"हे काय केलंत?" प्राध्यापक म्हणाले.

"सर, हा आता बेल्ट न्हाई राहिला. ह्याला तळून घ्या."

दुसरा बेल्ट त्यांनी स्वतःच्या पदरचा घातला. प्राध्यापक पुढे कायमचे त्यांचे गिऱ्हाईक झाले. आले की हात मागे बांधून उभे राहायचे.

बेल्ट बसवल्यावर मारोतीराव त्यावर खूण करत. बेल्टाच्या पाठीवर, म्हणजे पुलीला न टेकणाऱ्या बाजूवर, टायरवर लिहायच्या पांढऱ्या पेननं तीन गोष्टी लिहीत. एक बाण, मग 'मा' हे अक्षर, मग मीटरवरचा आकडा, देवनागरीत. बाण दिशेचा. चाललेला बेल्ट काढून पुन्हा घालायचा झाला तर तो ज्या दिशेनं फिरत होता त्याच दिशेनं फिरला पाहिजे. आकडा पुढच्या मेकॅनिकसाठी, बेल्ट किती चालला ते कळावं म्हणून. आणि 'मा' का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "शिव्या कोणाला द्यायच्या ते कळावं म्हणून."

शिव्या कोणी दिल्या नाहीत. उलट जुन्या स्कूटरच्या बाजारात त्या खुणेला वजन आलं. नांदेडात जुनी गाडी घेणारा माणूस बेल्टावरचं कव्हर उघडायला लावायचा आणि विचारायचा, "हवालदाराची खूण हाय का?" खूण असली की बेल्ट, क्लच आणि पर्यायानं इंजिन सांभाळलेलं आहे, असं लोक धरून चालायचे.

मी तेव्हा नांदेडच्या एका दैनिकात वार्ताहर होतो. माझी स्कूटर त्यांच्याकडेच असे. रविवारच्या पुरवणीसाठी त्यांच्यावर लेख लिहायचं ठरलं तेव्हा ते स्वतःबद्दल काही बोलेनात. बोलले ते बालाजी बिरादार. बिरादार मूळचे उदगीरचे, सैन्यात मारोतीरावांच्याच तुकडीत होते आणि ते तीन हिवाळे दोघांनी एकाच तंबूत काढले होते. निवृत्तीनंतर त्यांनी लातूरला औसा रोडवर जुन्या स्कूटरच्या विक्रीचं दुकान टाकलं. दोन महिन्यांनी एकदा टेम्पोत गाड्या घालून नांदेडला आणायचे, मारोतीरावांकडून बेल्ट बसवून घ्यायचे आणि परत न्यायचे. ठेंगणे, गोल चेहऱ्याचे, सतत काहीतरी चघळणारे. त्या दिवशी ते स्टुलावर बसून होते.

"लिहा सायेब," ते म्हणाले, "हा माणूस बायकोच्या हातचा चहा घ्यायच्या आधी हात धुत न्हाई. बेल्टाला धुतो."

"चहा घसरत न्हाई," मारोतीराव आतून म्हणाले.

बर्फावरचा प्रसंग बिरादारांनीच सांगितला. दोघं एका चौकीवरून दुसऱ्या चौकीवर सामान नेत होते. वाऱ्यानं समोरचं दिसेनासं झालं आणि मधेच बेल्ट तुटला. तिथल्या थंडीत सुटा बेल्ट लाकडासारखा कडक होतो, वाकवायला गेलं की चिरतो. म्हणून जादाचा बेल्ट माणसानं कोटाच्या आत, छातीला लावून न्यायचा असतो. तो बिरादारांच्या छातीशी होता. बसवायला मात्र मारोतीरावच हवे होते, आणि हातमोजे काढून काम करताना त्यांची बोटं गेली. म्हणजे जागेवर होती, पण त्यांना ती जाणवेनात.

"मग म्या काय केलं," बिरादार म्हणाले, "कोट उघडला, ह्याचे दोन्ही हात माझ्या काखंत घातले अन् दाबून धरले. अर्धा तास. बायकोला बी कधी एवढं जवळ घेतलं नसंल. असं वाटलं बर्फाची लादी घेऊन बसलो. हा रडायला लागला तवा कळलं, बोटं जिवंत व्हायलीत."

"दुखत होतं म्हणून रडलो," मारोतीराव म्हणाले.

"मग काय माझ्यासाठी रडलास व्हय."

त्यानंतर मारोतीरावांनी बेल्ट बसवला आणि दोघं परत आले. हे सगळं लेखात आलं. त्याबरोबर खुणेबद्दलही मी सविस्तर लिहिलं. ती कुठे असते, कोणत्या पेननं लिहितात, आधी बाण येतो की अक्षर, आकडे कोणत्या लिपीत. शेजारी बेल्टाचा जवळून घेतलेला फोटो होता. नेमकं लिहावं असं मला शिकवलेलं होतं. लेख लोकांना आवडला.

पुढच्या वर्षभरात लातूरहून येणारा टेम्पो कमी झाला आणि मग बंद झाला. मारोतीराव अधूनमधून लातूरच्या दिशेला पाहत म्हणायचे, "बाल्याचा धंदा बसला जनू. सांगायला लाजत असंल." दिवाळीला ते त्याला फोन करायचे. फोनवर बिरादार हसायचे आणि तब्येतीची विचारपूस करायचे. धंद्याचा विषय निघायचा नाही.

लेखाला चार वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. उन्हाळ्याच्या सुरुवातीला, दुपारी, मी गॅरेजात बसलेलो असताना, एका मोटारसायकलवर मागे बसून एक बाई गॅरेजसमोर उतरल्या. उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टर. कंधार तालुक्यात आरोग्यसेविका होत्या, केंद्रे सिस्टर. त्यांच्या भावानं मोटारसायकल स्टँडला लावली. सिस्टरांनी डाव्या हातानं प्लास्टिकची पिशवी बाकावर ठेवली. पिशवीत तुटलेला बेल्ट होता.

"कंधारच्या रस्त्यावर उतारावर तुटला," त्या म्हणाल्या. "क्लचमधी गुंडाळला. मागचं चाक जाम झालं अन् मी फेकल्या गेले. गाडी जुनीच घेतली होती, लोह्याच्या एका एजंटाकडून. अजून तीन महिने बी झाले न्हाईत."

मारोतीरावांनी हात धुतले, वाळवले, आणि मग पिशवीतून बेल्टाचा सगळ्यात मोठा तुकडा काढला. कडा उसवलेल्या, धागे बाहेर आलेले. पाठीवर पांढरी खूण होती. बाण, 'मा', पाच आकडे. त्यांनी मापलं. मग खुणेकडे पाहत राहिले. माझ्या हिशेबानं एक-दीड मिनिट.

"मामा, गाडी मी तुमची खूण बघून घेतली," सिस्टर म्हणाल्या. "त्या एजंटानं कव्हर उघडून दाखवली. हे तुम्ही बसवलं का?"

"खूण माझ्या नावाची हाय," मारोतीराव म्हणाले.

"मग मी अजून काय विचारू," त्या म्हणाल्या.

मारोतीरावांनी गाडी आणून द्या, सगळं माझ्या पदरचं करून देतो, असं सांगितलं. भाऊ म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. फौजी म्हणून इसवास ठेवला, तेवढा बास झाला." ते निघून गेले. पिशवी बाकावरच राहिली.

मी म्हणालो, "हे तुमचं काम नाही."

"न्हाई."

"मग सांगितलं का नाही?"

त्यांनी तुकडा माझ्यापुढे धरला. आकड्याच्या पुढे, शेवटच्या शून्याच्या उजवीकडे, एक टिंब होतं. पेन टेकवून उचललेलं. मला ते पेनचा डाग वाटलं असतं.

त्यांनी सांगितलं ते असं. बर्फावर दोघांचा एक नियम होता. एकानं बेल्ट बसवायचा आणि खूण लिहायची. कव्हर बंद व्हायच्या आधी दुसऱ्यानं आत स्वतः पाहायचं, बोट फिरवायचं, आणि पाहिलं म्हणून आकड्यापुढे टिंब द्यायचं. टिंब नसलेली गाडी बाहेर काढायची नाही. नियम सैन्याचा नव्हता, कुठल्या पुस्तकात नव्हता. त्या तंबूतला होता. बहुतेक वेळा बसवणारे मारोतीराव असायचे आणि टिंब देणारे बिरादार.

"इथं म्या एकलाच," मारोतीराव म्हणाले. "दुसरा बघणारा न्हाई. म्हणून नांदेडात म्या येका बी बेल्टावर टिंब दिलं न्हाई. तुमच्या लेखात बी न्हाई. हे टिंब दोनच मानसांच्या हाताला ठावं हाय."

माझ्या लेखात खूण नीट शिकवलेली होती. तेवढी कोणीही उतरवली असती. टिंब कोणी उतरवलं नव्हतं, ते हातानं सवयीनं दिलं होतं.

दोन दिवसांनी आम्ही एसटीनं लातूरला गेलो. त्यांनी मला बोलावलं नव्हतं. मी स्टँडवर जाऊन उभा राहिलो, त्यांनी नाही म्हटलं नाही. लोहा, अहमदपूर, चाकूर, साडेतीन तास. ते खिडकीशी बसले होते. बेल्टाचा तुकडा वर्तमानपत्रात बांधून मांडीवर. पूर्ण प्रवासात एक वाक्य बोलले. "चुकून बी असंल." अहमदपूरच्या स्टँडवर.

बिरादारांचा धंदा बसलेला नव्हता. दुकान दुप्पट झालं होतं. पुढच्या भागात तीन रांगांत स्कूटर, आत काचेचं टेबल. टेबलामागच्या भिंतीवर माझा लेख चौकटीत लावलेला होता, फोटोसकट.

"आलास का उस्ताद," बिरादार उठून म्हणाले. "सांगून यायचं न्हाई का? सायेबाला बी आनलंस. तीन चहा सांगा रे, एक बिनसाखरेचा, ह्याची शुगर वाढली असंल आता."

मारोतीरावांनी पुडी सोडली आणि तुकडा काचेवर ठेवला. "हे कोणी लिव्हलं?"

बिरादारांनी पाहिलं. "तूच की. तुझंच अक्षर हाय."

"टिंब कोणाचं हाय?"

बिरादारांनी खिशातून चष्मा काढला, लावला, खाली वाकून पाहिलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला. चघळणं थांबलं होतं.

"हात गेला," ते म्हणाले. "सवयीनं गेला."

त्यानंतर नाकारायचं काही उरलं नव्हतं आणि त्यांनी नाकारलंही नाही. ते समजावून सांगू लागले. लोक येतात, हवालदाराची खूण विचारतात. प्रत्येक गाडी नांदेडला न्यायची तर धंदा कधी करायचा? म्हणून गाडीतला बेल्ट बरा असेल तर तोच ठेवून खूण घालायची.

"बरा म्हणजे?" मारोतीरावांनी विचारलं. "मापला व्हता?"

"डोळ्यानं."

"डोळ्यानं."

"मारत्या, अगदीच गेलेल्यावर म्या लिव्हत नव्हतो. शप्पथ. अन् तुझंच नाव मोठं झालं की. उदगीरपर्यंत लोक तुला वळखायलेत."

"कंधारची येक नर्स हाय. हात मोडला तिचा. उजवा."

चहा आला. तिघांपुढे ठेवला गेला.

"कोणाकोणाच्या गाडीत हाय?" मारोतीराव म्हणाले. "यादी दे."

"यादी कशाची आलीय? गाड्या गेल्या. औसा, निलंगा, उदगीर. एजंटांनी नेल्या, नांदेडाकडं बी गेल्या."

"किती?"

"चार वर्षं झाली, उस्ताद."

मारोतीरावांच्या चेहऱ्यावर मला काही बदललेलं दिसलं ते या उत्तरानंतर. आधीच्या कुठल्याही उत्तरानंतर नाही. बिरादारांना आकडा लपवायचा नव्हता. तो त्यांना माहीतच नव्हता.

बिरादारांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "छापून आनणार का माझं?"

"न्हाई," मारोतीराव म्हणाले. "तुझं नाव म्या घेनार न्हाई. पन खूण आजपासून माझी न्हाई."

त्यांनी तुकडा परत पुडीत बांधला. चहाला कोणी हात लावला नाही.

परतीच्या बसमध्ये मी त्यांना स्पष्ट सांगितलं. नाव द्या. तुमच्याकडे तुकडा आहे, कबुली मी कानांनी ऐकली आहे. नाव दिलं नाही तर हे सगळं तुमच्यावर येईल. त्यांनी दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवले होते.

"ही दहा बोटं हायेत," ते म्हणाले. "ह्यातली माझी किती अन् त्याची किती, म्या कसं सांगू?"

पण जे लोक त्या खुणेच्या भरवशावर गाडी चालवत होते, त्यांना सावध करणं भाग होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी चार ओळी लिहून आणल्या. ज्यांच्या स्कूटरच्या बेल्टावर माझी खूण आहे त्यांनी बेल्ट लगेच तपासून घ्यावा. ही खूण आता खात्रीची राहिलेली नाही. मी तपासून देईन, खराब असेल तर बदलून देईन, त्याचं काही घेणार नाही. खाली सही, हुद्दा आणि गॅरेजचा पत्ता.

मी त्याची बातमी केली. संपादकांनी विचारलं, "यानं फसवलं का लोकांना?"

"नाही."

"मग कोणी फसवलं?"

"ते नाव देत नाहीत."

"मग आपण काय करणार?"

बातमी आतल्या पानावर आली. मथळा होता, 'हवालदाराच्या खुणेचा बेल्ट धोक्याचा?' प्रश्नचिन्ह होतं. मथळा मी दिलेला नव्हता. मजकूर माझा होता आणि त्यात चुकीचा शब्द एकही नव्हता. वाचणाऱ्यांनी त्यातून एकच अर्थ काढला.

लोक येऊ लागले. सुरुवातीला नांदेडातलेच, ज्यांचे बेल्ट खरोखर मारोतीरावांनी बसवले होते. कव्हर उघडायचे, मापायचे, बेल्ट ठीक आहे सांगायचे. लोक मान हलवायचे आणि तरीही "बदलूनच टाका" म्हणायचे. ते बदलून द्यायचे. मग लोहा, मुखेड, अहमदपूरकडून गाड्या येऊ लागल्या, त्यांच्यात टिंबवाले बेल्ट निघू लागले. काही ठीक होते, काहींचे धागे बाहेर आले होते. एका गाडीत बेल्ट इतका झिजलेला होता की पुलीच्या तळाशी जाऊन बसला होता, आणि गाडीवर शाळेत जाणारी दोन मुलं घेऊन एक माणूस आला होता. मारोतीरावांनी तो बेल्ट हातात घेतला आणि बराच वेळ मुलांकडे पाहत राहिले. मुलं स्टुलावरून उड्या मारत होती.

टोमणे बसायचे. "हवालदार, पेन्शन पुरंना का?" असं एकानं विचारलं. दुसरा मोबाईलवर कोणाला तरी सांगत होता, "फौजी बी असलेच निघायले, काय बोलावं." प्राध्यापक सर गाडी घेऊन आले नाहीत. नंतर कळलं, त्यांनी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडी लावली. मारोतीराव कोणालाच उलट उत्तर देत नसत. बसवलेल्या बेल्टावर त्यांनी लिहिणं बंद केलं होतं. पांढरं पेन बाकाच्या खणात पडून होतं.

पावसाळा संपता संपता अहमदपूरचा एक किराणा दुकानदार गाडी घेऊन आला. बोलका माणूस होता. मारोतीराव कव्हरचे स्क्रू काढत होते आणि तो सांगत होता, "ही गाडी लातूरच्या बिरादारकडची. मी त्याला जाऊन विचारलं, तुझ्या गाडीत असला बेल्ट कसा? तर तो म्हणला, शेट, मी बी फसलो. नांदेडच्या मानसावर डोळं झाकून इसवास ठेवला. तीस वर्षांचा दोस्त म्हणायचा मला. आता काय करावं? पार डोळ्यात पानी आनलं बघा त्यानं."

मारोतीरावांचा हात स्क्रूवर थांबला. "कधी म्हणला?"

"मागच्या आठवड्यात. का? तुम्ही वळखता का त्याला?"

मारोतीराव उठले आणि नळाकडे जाऊन हात धुवू लागले. हात आधीच धुतलेले होते, कव्हर अजून उघडलेलं नव्हतं. धुऊन झाल्यावर ते हात वर धरून उभे राहिले, पाठ आमच्याकडे. मी त्यांच्याजवळ गेलो. आता तरी नाव द्या, असं म्हणणार होतो.

"दुकानात बसून असं म्हणला असंल तर धंद्यापायी म्हणला," ते हळू आवाजात म्हणाले. "पन डोळ्यात पानी आनायची काय गरज व्हती?"

ते परत आले, कव्हर उघडलं, बेल्ट बदलला आणि दुकानदाराला किल्ली दिली. त्या दिवशी 'पाहुण्यावानी वागवा' म्हणायचं राहून गेलं.

पुढच्या वर्षी माझी औरंगाबादला बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी त्यांना भेटायला गेलो. गॅरेजमध्ये केंद्रे सिस्टर होत्या. हात बरा झाला होता, पण मनगट पूर्ण वळत नव्हतं. स्कूटर पळवायला उजव्या मुठीचा पीळ लागतो, तो त्या खांद्यातून देत होत्या. चढावर गाडी ओढत नाही आणि जळका वास येतो, म्हणून दोन ठिकाणी दाखवली, दोघांनी इंजिन खोलायला सांगितलं. कंधारमध्ये कोणीतरी म्हणालं, बिघाड इंजिनाचा नसंल, त्या नांदेडवाल्याला दाखवून बघा, काम तर तोच जानतो. म्हणून आल्या होत्या.

मारोतीरावांनी त्यांना बसायला स्टूल दिलं. त्या बसल्या नाहीत. गाडीच्या डाव्या बाजूला उभ्या राहून त्यांच्या हातांकडे पाहत राहिल्या. कव्हरचा पहिला स्क्रू निघाल्यापासून शेवटपर्यंत. मारोतीरावांची सावली कामावर पडत होती, सिस्टरांना नीट दिसत नव्हतं. ते मारोतीरावांच्या लक्षात आलं. त्यांनी गाडी स्टँडवरून उतरवली, उजेडाकडे फिरवली, पुन्हा स्टँडला लावली, आणि स्वतः पलीकडून वाकून काम करू लागले. क्लचमधली धूळ काढली. पुलीवरची काळी चकाकी घासून काढली. जे करतील ते आधी सांगून करत होते. "आता हे पुसतो. आता हे बघा, हे घासलेलं हाय, हे बदलतो." सिस्टर 'हं' म्हणत होत्या.

नवा बेल्ट पाकिटातून काढून त्यांनी रुंदी मापायच्या व्हर्नियरमध्ये धरला आणि आकडा मोठ्यानं वाचला.

"थांबा," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी पर्समधून मोबाईल काढला. "फोटो घेऊन ठेवते. नंतर कामाला येतो."

"घ्या," मारोतीराव म्हणाले.

त्यांनी व्हर्नियर सिस्टरांच्या बाजूला वळवलं. सिस्टरांना न वळणाऱ्या मनगटानं मोबाईल नीट धरता येईना, पहिला फोटो नीट आला नाही, दुसराही नाही. आकडा स्पष्ट येईपर्यंत ते तसंच धरून उभे राहिले, न हलता.